जुनी एस्टीम, रोल केज आणि हार्नेस : एका स्वस्त ट्रॅक-गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००३ची मारुती एस्टीम. मालक ठाण्याचा, वय पस्तिशीच्या आसपास, एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये. गाडी मूळची त्याच्या मामांची. त्यांनी नवी घेतली तेव्हा भंगारवाल्याने सांगितलेला भाव ऐकून त्यांना इतका राग आला की त्यांनी ती भाच्यालाच देऊन टाकली. १३०० सीसीचं इंजिन, कागदावर ८५ हॉर्सपॉवर, वजन पावणेनऊशे किलोच्या घरात. आजच्या मानाने ताकद किरकोळ. पण गाडी हलकी आहे, तिचे पार्ट कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून मिळतात आणि तिचं इंजिन डोळे मिटून खोलणारे मेकॅनिक आहेत. आपल्याकडच्या स्वस्त रेसिंगचा संसार बराचसा सुझुकीच्या या १३०० सीसी इंजिनावरच चालत आला आहे.

मुंबईकर हौशी ड्रायव्हरची तेव्हाची मुख्य अडचण अशी की आसपास पूर्ण लांबीचा रेस ट्रॅक नव्हता. खरा ट्रॅक हवा तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई किंवा कोइंबतूरचं कारी मोटर स्पीडवे. दोन्हीकडे जायला बाराशे-तेराशे किलोमीटर. कारी हे नाव एस. करिवर्धन यांचं. मारुतीचं इंजिन लावून परवडणारी फॉर्म्युला गाडी (एका सीटची, उघड्या चाकांची रेस-गाडी) त्यांनी १९८०च्या दशकात बांधली. त्यांच्या नावाच्या ट्रॅकवर मामांची एस्टीम न्यावी असं आमच्या मालकाला वाटलं, यात मला काही वावगं वाटत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि स्पर्धांमध्ये गाड्यांच्या सुरक्षा-तपासणीला हौसेने मदत करतो. मालकाची ओळख तिथलीच. खाली कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

अडचण कुठून सुरू झाली

मातीवरच्या एका ऑटोक्रॉसमध्ये (मैदानावर आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत) मालकाच्या पुढच्याच नंबरची गाडी उलटली. वेग फार नव्हता. एक चाक चरात अडकलं, गाडी कुशीवर गेली, मग छतावर. ड्रायव्हरच्या बाजूचा छताचा कोपरा खाली येऊन हेडरेस्टला टेकला. ड्रायव्हर सीटबेल्टमध्ये कलला होता म्हणून डोकं वाचलं. मान आखडण्यापलीकडे त्याला काही झालं नाही.

मालकाने त्याच आठवड्यात ऑनलाइन चार पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे रेसिंगचा सीटबेल्ट, मागवून स्वतःच बसवला. मग मला गाडी दाखवायला आणली. लाल पट्टे, फिरवून उघडायचं बक्कल, पट्ट्यावर नावाजलेल्या कंपनीचं नाव भरतकामात. किंमत खऱ्या मालाच्या चौथाई. पट्ट्यावर एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेचं, लेबल नव्हतं. या लेबलवर कोणत्या मानकाचा पट्टा आहे आणि तो कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे हे छापलेलं असतं. ते नाही म्हणजे तो पट्टा किती ताण घेईल याची हमी कुणाचीच नाही.

पण नकली पट्टा हा त्यातला सर्वांत छोटा दोष होता. खांद्याचे दोन्ही पट्टे मूळ सीटच्या पाठीवरून मागे जाऊन थेट खाली, मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला बांधले होते. समोरून धडक बसली की शरीर पुढे झेपावतं आणि असे पट्टे खांद्यांना पुढून अडवण्याबरोबर खालीही दाबतात. तो दाब मणक्यावर येतो. एफआयएच्या नियमांत खांद्याचे पट्टे पाठीच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा खाली उतरू नयेत असं आहे, आणि शिफारस तर १० अंशांच्या आतच ठेवण्याची आहे. या गाडीत ते साठच्या पुढे होते.

दुसरा दोष सीटचा. मूळ सीटची पाठ एका छोट्या दातेरी चकतीवर तिरकी होते. खांद्याचे पट्टे त्या पाठीवरून खाली ओढले की धडकेचा भार तिच्यावरच येतो, आणि तो भार झेलण्यासाठी ती चकती बनवलेली नसते. तिसरा दोष, मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा नाही. खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो आणि धडकेत शरीर त्याच्याखालून सरकतं.

चौथी गोष्ट मालकाला सगळ्यात उशिरा पटली. गाडी उलटली आणि छत खाली आलं, तर साध्या सीटबेल्टमधला माणूस बाजूला कलू शकतो. ऑटोक्रॉसमधला तो ड्रायव्हर तसाच वाचला होता. चार पट्ट्यांनी ताठ बांधलेला माणूस कलू शकत नाही. रोल केज, म्हणजे छत खाली येऊ नये म्हणून गाडीत बसवलेला नळ्यांचा सांगाडा, नसताना हार्नेस लावला की छताच्या वाटेत डोकं आपण स्वतःच नेऊन ठेवतो.

मी म्हटलं, "हा आज काढ आणि मूळचा बेल्ट लाव. पुढचं नंतर बघू."

"सर, मग केजच करून टाकू. हार्नेस वाया नको जायला."

हार्नेस वायाच गेला.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते अजिबात लाजिरवाणा नाही: केजही नको, हार्नेसही नको. मूळ तीन-टोकी बेल्ट, चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि नियंत्रणात ठेवलेला वेग. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने इथेच थांबावं. मालकाला मात्र वेळ कमी करायची चटक लागली होती आणि पुढच्या मोसमात एखाद्या क्लब-स्पर्धेत उतरायचा विचार होता.

दुसरा पर्याय अर्ध्या केजचा. सीटच्या मागे एक कमान, मागे जाणारे दोन तिरके आधार, एक कर्ण आणि खांद्याचे पट्टे बांधायला आडवी नळी. बोल्टने बसतो, मागची सीट जाते, दरवाजे तसेच राहतात. उलटण्यापासून संरक्षण देतो, बाजूच्या धडकेपासून फारसं नाही.

तिसरा, बाहेरून तयार केज मागवणं. मोठ्या परदेशी कंपन्या लोकप्रिय गाड्यांसाठी असे संच बनवतात. आमच्या एस्टीमसाठी तो काही मिळेना, आणि मिळाला असता तरी नळ्यांच्या त्या खोक्याचं जहाजभाडं आणि आयात शुल्क गाडीच्या किमतीपलीकडे गेलं असतं.

चौथा, पूर्ण सहा-पायांचा केज इथेच बांधून घेणं: मुख्य कमान, पुढच्या काचेभोवतीचे पाय, दरवाज्यातले आडवे बार, मागचे आधार.

पाचवा पर्याय मी सुचवला. दक्षिणेतल्या एखाद्या संघाची निवृत्त रेस-गाडी केजसकट घ्यावी. तो मालकाने दोन वाक्यांत उडवला. त्याला मामांची गाडीच हवी होती. इथे भावना जिंकली, आणि तिची किंमत किती झाली ते शेवटी येईलच.

पहिला खरा निर्णय: रस्ता की ट्रॅक

दुसरा की चौथा यावर चर्चा रंगली होती तेव्हा मी विचारलं, "ही गाडी घेऊन तू रविवारी लोणावळ्याला जाणार आहेस का?" उत्तर होकारार्थी आलं आणि चर्चा तिथेच थांबवावी लागली.

कारण दोन. पहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ती उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळी होईल. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. शिवाय मूळ सीटबेल्ट काढून रस्त्यावर फिरलात तर कलम १९४ बीचा हजाराचा दंड वेगळा. विमा कंपनीला न सांगता केलेले बदल दाव्याच्या वेळी कसे आडवे येतात, ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक.

दुसरं कारण अधिक जीवघेणं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रस्त्यावर आपण हेल्मेट घालून गाडी चालवत नाही. डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडी नळी, बाजूने हलकीशी धडक, आणि कवटी थेट नळीवर. ट्रॅकवर जो केज जीव वाचवतो तोच घोडबंदर रोडवरच्या साध्या अपघातात डोकं फोडू शकतो. अर्धा केज मागे असला तरी सीट मागे सरकली किंवा पाठ मोडली की डोकं कमानीपर्यंत पोहोचतं.

सुदैवाने गाडीची १५ वर्षांची नोंदणी आधीच संपून पुनर्नोंदणीची पाच वर्षंही सरत आली होती. पुन्हा तपासणी, पुन्हा हरित कर, पुन्हा खेटे. मालकाने ठरवलं की नूतनीकरण करायचं नाही. गाडी फक्त ट्रॅकची, आणि जाईल तिथे फ्लॅटबेड ट्रकवर. पुढचे सगळे निर्णय या एका निर्णयाने सोपे केले. अर्ध्या केजचं मुख्य आकर्षण "रोजही वापरता येते" हेच होतं, ते संपलं. चौथा पर्याय ठरला.

सोसायटीत मात्र गाडी ठेवता येईना. सेक्रेटरींनी नंबरप्लेटवर धूळ बसलेली पाहून विचारणा केली आणि शेवटी गाडी रबाळे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरच्या गाळ्यात भाड्याने राहिली. ते भाडं अंदाजपत्रकात कुणीच धरलं नव्हतं.

नळी

सुरुवात कुर्ल्यातल्या एका ग्रिलवाल्यापासून झाली. त्याने "दीड इंची सी क्लास" पाइप दाखवला आणि जाडी बघा म्हणाला. जाडी खरंच चार मिलिमीटर होती. पण तो पाण्याचा पाइप. दीड इंच हे त्याचं आतलं नाममात्र माप, बाहेरून तो ४८.३ मिलिमीटर. पट्टी वळवून शिवण जोडून केलेला, आणि मीटरला साडेचार किलोच्या आसपास. केजला लागणारी नळी वेगळी. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीसाठी थंड ओढलेली, बिनजोड, साध्या कार्बन पोलादाची नळी आहे: बाहेरून ४५ मिलिमीटर आणि जाडी २.५, किंवा ५० आणि २. बाकीच्या भागांसाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. हिचं मीटरचं वजन मापानुसार पावणेदोन ते पावणेतीन किलोच्या दरम्यान. जाड म्हणजे मजबूत, हे लोखंडाच्या दुकानात सगळ्यांना मनापासून वाटतं. केजमध्ये भार नळीच्या आकारातून आणि पोलादाच्या जातीतून पेलला जातो. वीस-बावीस मीटर नळीत सी क्लास वापरला असता तर चाळीसेक किलो उगाच वाढले असते, तेही बरेचसे छताजवळ.

नळी कळंबोलीच्या पोलाद बाजारातून आली. तिथे विचारायचा प्रश्न एकच: "टीसी मिळेल का?" टीसी म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. पहिल्या व्यापाऱ्याने "टीसी मागून पाठवतो" सांगितलं. दुसऱ्याने नळीवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) आणि कागदावरचा हीट नंबर जुळवून दाखवला. माल त्याच्याकडून घेतला. किलोमागे थोडा महाग पडला.

वाकवताना पहिली नळी वाया गेली. ज्याच्याकडे ग्रिल आणि रेलिंग वाकवायचं हायड्रॉलिक मशीन होतं त्याने ती वाकवून दिली, आणि वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या आल्या. व्हर्निअर लावून बाहेरचा व्यास मोजला. एका दिशेने ४६, दुसऱ्या दिशेने ४०. नियम सांगतो की लहान आणि मोठ्या व्यासाचं गुणोत्तर ०.९च्या खाली जाऊ नये. इथे ते ०.८७ होतं. माणूस म्हणाला, "साहेब, डोळ्यांना दिसतंय का काही?" दिसत नव्हतं, खरं आहे. पण चपटी झालेली कमान भाराखाली त्याच वळणावर दुमडते. मग नळी चपटी होऊ नये म्हणून आतून मँड्रेल, म्हणजे आधाराचा दांडा, घालून वाकवणारा माणूस रबाळेतच सापडला. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट किंवा जास्त हवी. त्याचा साचा त्यात बसत होता.

आधी सीट, मग कमान

इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. बहुतेक जण आधी केज बांधतात आणि मग सीट घेतात. आम्ही एफआयए ८८५५-१९९९ या मानकाची न हलणारी बकेट सीट आधी घेतली. तिला खांद्यांसाठी, कमरेसाठी आणि मांड्यांमधल्या पट्ट्यांसाठी भोकं असतात. सीट तात्पुरती बसवून मालकाला हेल्मेट घालून तिच्यात बसवलं. मग खडूने दरवाज्याच्या मधल्या खांबावर खांद्याची उंची आखली. हेल्मेट आणि जिथून नळी जाणार ती जागा यांत किती बोटं राहतात ते मोजलं.

दोन बोटं. फार कमी.

फॅब्रिकेटर काका वयाने साठीचे, हात सोन्याचे. त्यांनी सीटखालचा आडवा पाटा पाहिला आणि म्हणाले, "हा कापतो की. सीट दीड इंच खाली जाईल." मालक तयार झाला होता. तो पाटा मी कापू दिला नाही. सीट त्यावरच बसते आणि बाजूने धडक बसली तर फ्लोअर चेपू नये म्हणून तो असतो. एका ठिकाणी मजबुती वाढवताना दुसऱ्या ठिकाणची काढून घ्यायची, असा तो सौदा होता. त्याऐवजी तीन मिलिमीटर पोलादाचे बाजूचे ब्रॅकेट नव्याने केले आणि सीट पाट्याला जवळजवळ टेकवली. सरकणारी पट्टी काढून टाकली. चार बोटं मिळाली. काकांनी चहा सांगितला आणि जाहीर केलं की इंजिनिअर लोकांमुळे कामं लांबतात.

गंज, आणि त्याने सोडवलेला प्रश्न

कार्पेट काढला, खालची डांबरी शीट खरवडली, आणि सुकलेल्या गाळाची पातळ रेघ दोन्ही बाजूंना दिसली. मामा तेव्हा कलिन्याला राहायचे. २६ जुलै २००५ला गाडी रात्रभर पाण्यात होती, हे त्यांना फोनवर विचारल्यावर आठवलं. कमानीचे पाय जिथे टेकणार बरोबर तिथेच, दरवाज्याखालच्या उंबऱ्याच्या कडेला, स्क्रूड्रायव्हर ढकलला तर आरपार जात होता.

केजचे पाय पत्र्यावर उभे असतात. पत्रा कुजलेला असेल तर केज गाडीच्या फ्लोअरमधून खाली जातो आणि छत तेवढंच खाली येतं. मग डेंटरकडून दोन्ही उंबरे आणि फ्लोअरचे कोपरे कापून नवीन पत्रा बसवायचं ठरलं. आठवडे गेले, पैसेही.

पण याच कापाकापीने एक जुना प्रश्न सुटला. केज छताला चिकटून असावा लागतो, आणि मग नळ्यांच्या वरच्या सांध्यांना वरच्या बाजूने वेल्डिंगची टॉर्च पोहोचतच नाही. अनेक घरगुती केजमध्ये सांध्याचा वरचा पाव भाग नुसता रंगवलेला असतो. उपाय असा की पायांखालच्या फ्लोअरला भोकं ठेवायची, टाके मारलेला (जागोजागी तात्पुरता वेल्ड केलेला) अख्खा केज त्या भोकांतून काही इंच खाली सोडायचा, वरचे सांधे गोल पूर्ण वेल्ड करायचे, मग केज वर उचलून पायांखाली प्लेट लावायच्या. आमच्याकडे तिथला पत्रा कापलेलाच होता. कोपरे बंद करायच्या आधी हे काम उरकलं.

प्लेटचं माप नियमातून घेतलं: मुख्य आणि पुढच्या पायांखाली किमान १२० चौरस सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर जाडीची प्लेट गाडीच्या शेलला, म्हणजे मूळ पत्र्याच्या सांगाड्याला, वेल्ड, आणि तिच्यावर पाय किमान तीन एम८ (आठ मिलिमीटर) बोल्टने. मागच्या आधारांना ६० चौरस सेंटिमीटर आणि दोन बोल्ट. बोल्ट मुंबईच्या नागदेवी बाजारातून आणले, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेले.

वेल्डिंग

काकांचा हात रॉड वेल्डिंगवर बसलेला होता. गाळ्यात सीओटू (वायूच्या आवरणात तारेने वेल्ड करणारं) मशीनही होतं, ते त्यांचा पुतण्या चालवायचा. मी दोघांनाही उरलेल्या तुकड्यांतून टी-आकाराचे सांधे करायला सांगितले. मग ते मधोमध कापले, कडा पॉलिश पेपरने घासली आणि वेल्ड आत किती उतरलं ते पाहिलं. काकांच्या सांध्यात एका कडेला काळी रेघ होती: स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, अडकलेला, धातू जुळलेलाच नाही. पुतण्याचा सांधा दिसायला ओबडधोबड, पण मुळापर्यंत गेलेला. शिकंज्यात धरून घणाने ठोकला तेव्हा नळी चपटी झाली आणि वेल्ड टिकलं. काका काही बोलले नाहीत. केज पुतण्याने वेल्ड केला, आणि नळीच्या टोकाला माशाच्या तोंडासारखा काप घेऊन फट न ठेवता जुळवायचं नाजूक काम काकांनी केलं. तिथे त्यांना तोड नव्हती.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवली, इंजिनचा ईसीएम (कंप्युटर) काढून ठेवला आणि पेट्रोलची टाकी उतरवली. टाकी "रिकामीच आहे" म्हणून राहू द्यावी असा आग्रह झाला. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. खालच्या बाजूच्या डांबरी लेपाने दोनदा पेट घेतला. ओलं गोणपाट आणि अग्निशामक घेऊन एक पोरगा गाडीखाली बसवला होता, त्याने विझवलं.

पट्टे, पॅडिंग, मान

खांद्याच्या आडव्या नळीची उंची खडूच्या खुणेवरून आली. नवा हार्नेस सहा पट्ट्यांचा, एफआयए लेबलचा. खांद्याचे पट्टे त्या नळीभोवती गुंडाळले, जवळजवळ आडवे. कमरेचे पट्टे मूळ बेल्टच्या जागी. मांड्यांमधल्या दोघांसाठी नवीन भोकं, आणि प्रत्येकाखाली ४० चौरस सेंटिमीटरची, तीन मिलिमीटरची प्लेट. हे पट्टे सीटला किंवा तिच्या ब्रॅकेटला बांधायला नियमाने मनाई आहे. "सीटलाच लावू, सोपं पडेल" असं इथेही कुणीतरी म्हणालंच.

पॅडिंगसाठी पुतण्याने एसीच्या कॉपर पाइपवर घालतात तो काळा फोम आणला होता. नळीवर तो छान बसतो आणि दिसतोही अगदी रेसिंगसारखा. अंगठ्याने दाबला तर थेट लोखंड लागतं. हेल्मेट जिथे लागू शकतं तिथे एफआयए ८८५७-२००१ या मानकाचं कडक पॅडिंगच लावलं. ते हाताला लाकडासारखं लागतं आणि तसंच असायला हवं.

राहिली मान. हार्नेसने धड घट्ट बांधलं की धडकेत फक्त डोकं पुढे जातं, आणि सगळा ताण कवटीच्या बुडाशी येतो. २००१मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा ड्रायव्हर याच दुखापतीने गेला. फॉर्म्युला वनने २००३पासून हॅन्स सक्तीचा केला; हॅन्स म्हणजे खांद्यांवर बसणारी कॉलर, तिचे दोर हेल्मेटला अडकवून डोकं अडवतात. मालकाने हॅन्स आणि त्याला जोडता येईल असं स्नेल एसए (मोटर रेसिंगच्या मानकाचं) हेल्मेट यादीत सगळ्यात खाली लिहिलं होतं, "पुढच्या वर्षी" म्हणून. त्याचं दुचाकीचं आयएसआय हेल्मेट चांगलं होतं, पण त्याला हॅन्सचे दोर अडकवायची सोय नव्हती आणि आगीची चाचणीही नव्हती. हॅन्स येईपर्यंत गाडी ट्रॅकवर न्यायची नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मी अडून बसलो. त्याने केजचा रंग पुढे ढकलला आणि हॅन्स घेतला.

काय झालं

गाडी आणखी दोघांच्या गाड्यांबरोबर ट्रकवर कोइंबतूरला गेली. तपासणीत दोन शेरे मिळाले: डाव्या गुडघ्याजवळच्या नळीला पॅडिंग नाही आणि पट्ट्यांची लोंबती टोकं बांधलेली नाहीत. दोन्ही तिथेच निस्तरली.

ट्रॅकवर कळलेल्या गोष्टी अशा. पट्टे पूर्ण ताणल्यावर मालकाचा हात हँडब्रेकपर्यंत पोहोचत नव्हता, आणि काचेच्या हँडलपर्यंतही नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर खांद्याचे पट्टे सैल पडले. म्हणून आता तो बाहेर पडण्याआधी कमरेचे, मग खांद्याचे, असे दोनदा ताणतो. दरवाज्यातल्या बारमुळे बाहेर यायला वेळ लागतो. रबाळ्याला परतल्यावर त्याने डोळे बांधून बक्कल उघडून बाहेर पडायचा सराव केला. पहिल्यांदा हॅन्स सीटच्या कानात, म्हणजे बाजूने पुढे आलेल्या भागात, अडकला. असा सराव गाळ्यातच आणि आधीच व्हायला हवा होता.

वजनाचा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटला. नळ्या आणि प्लेट मिळून पन्नास किलोच्या आत. मागची सीट, कार्पेट, डांबरी शीट आणि एसी गेल्याने तेवढंच उतरलं. गाडी वळणात आधीपेक्षा ताठ वाटते असं मालक म्हणतो. वेळ सुधारली ती मात्र टायरमुळे, असं माझं मत.

पैशाचा हिशेब वाईट. एक लाखाचा अंदाज दुपटीच्या पुढे गेला. त्यात नळी, वाकवणं आणि वेल्डिंग जेमतेम एक तृतीयांश. बाकीचं सीट, हार्नेस, हॅन्स, हेल्मेट, गंजलेला पत्रा आणि गाळ्याचं भाडं. केज चांगला झाला का? मोजमापांवर उतरला, एवढंच सांगता येतं. तो अजून उलटलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पाचवा पर्याय. केज, सीट आणि कागदपत्रं असलेली जुनी रेस-गाडी याच पैशांत आली असती, कदाचित काही उरलेही असते. मामांची गाडी म्हणून हौस असेल तर ती हौस म्हणूनच करावी, बचत म्हणून नाही.

गंज आधी बघायला हवा होता. कार्पेट उचलायला काही खर्च येत नाही. नळी घेण्याआधी तो उचलला असता तर ही गाडी बांधायची की नाही हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता.

अंदाजपत्रक माणसापासून सुरू करायला हवं होतं: हेल्मेट, हॅन्स, सीट, पट्टे, आणि मग उरलेल्या पैशात केज. केज उरलेल्या पैशात बसत नसेल तर पहिला पर्याय, म्हणजे मूळ बेल्ट आणि कमी वेग. ज्या क्लब-स्पर्धेत उतरायचं तिचे नियमही सुरुवातीलाच मागवावेत. कारण काही वर्गांत केजची नळी किंवा रचना वेगळी मागतात, आणि बांधून झालेल्या केजमध्ये नळी बदलता येत नाही.

वेल्डिंगचे फोटो रंगाआधी काढून टीसीबरोबर एका फाइलमध्ये ठेवले, हे चांगलं झालं. पुढचा तपासनीस रंगाखालचा सांधा बघू शकत नाही. पायांचे बोल्ट आता दर पावसाळ्यानंतर टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटरला तपासले जातात आणि प्लेटच्या कडा गंजासाठी खरवडून पाहिल्या जातात.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. मालकाला डावीकडे दुसरी सीट आणि दुसरा हार्नेस बसवायचा आहे, मेव्हण्याला फेरी मारून आणायला. केजमध्ये त्यासाठी जागा आहे. माझं म्हणणं, आधी इंजिन-बेमध्ये आग विझवणारी यंत्रणा आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा कट-ऑफ स्विच लाव. तो सध्या दोन्हींचे भाव काढतोय.